ताण दिलेली बाग

ओगराळं माठाच्या काठावर टण्णकन वाजलं आणि तेवढ्या आवाजानं प्रणालीची झोप उडाली. घरात बाकी सारं गप्प होतं. तिचा नवरा अमोल अजून नांदगाव पेठेच्या कापडगिरणीतून रात्रपाळी करून यायचा होता, गल्लीत दूधवाल्याची घंटी झाली नव्हती, आणि शेजारच्या अंथरुणात पयू नव्हती.

पयू स्वयंपाकघरात पाटावर उभी राहून शाळेच्या बाटलीत पाणी ओतत होती. निम्मं बाटलीत जात होतं, निम्मं झग्यावर.

"काय करतेस गं इतक्या सकाळी?"

"झाडाचं पाणी भरून राहिली." पाच वर्षांच्या बाईनं मान न वळवता सांगितलं. "तू म्हणे, संक्रांत झाली की पाणी देतात. संक्रांत तं झाली. तिळगूळ पण संपला आपला. कोणीच नाही देऊन राहिलं झाडाले पाणी."

प्रणालीला हसू आलं, आणि हसता हसता भातात खडा लागावा तसं झालं. पोर जे बोलली तेच तिच्याही मनात कित्येक दिवस घोळत होतं. पोरीनं ते बोलून टाकलं, एवढाच फरक.

पयूचं खरं नाव पयोष्णी. पूर्णा नदीचं जुनं नाव. ते प्रणालीच्या वडिलांनी काढलेलं. तेल्हाऱ्याकडे त्यांची संत्र्याची बाग होती. नातीला एकदा मांडीवर घेतलं, नाव सांगितलं, आणि त्याच वर्षी ते गेले. मागून भावांनी बाग विकली. विकायच्या आधी बहिणीला विचारलं नाही असं नाही, पण विचारलं ते गाडीत बसता बसता, आणि तिनंही "तुम्हाला बरं वाटेल ते करा" म्हणून टाकलं. त्या दिवसापासून तिला माहेर म्हणून जायला घर होतं. बाग नव्हती.

तिनं पोरीचा ओला झगा बदलला, स्वेटर घातला, स्वतःच्या पायात बूट चढवले आणि दोघी निघाल्या. बाटली पयूच्याच गळ्यात होती.

अमरावती सरते आणि नांदगाव पेठेचा रस्ता लागतो, तिथं डाव्या अंगाला देशमुखांची बाग आहे. लोक बाग म्हणतात, पण आहे ते एक लहानसं संस्थानच. मधोमध दगडी कोठी. पुढं विलायतेहून आणलेलं बिडाचं कारंजं. त्यातून पाणी उडताना पाहिलेलं माणूस आता हयात नाही. कोठीपासून फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी बकुळी, मागं म्हैस पोहेल एवढा हौद, हौदातून निघालेला दगडी पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना रांगेनं संत्रा. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा खुशालराव देशमुखांच्या पणजोबांनी हे सारं उभं केलं आणि नागपूरहून बैलगाड्यांत कलमं आणवली. झाड म्हातारं झालं की काढायचं आणि त्याच खड्ड्यात नवं लावायचं, अशी या घराची चाल. माणसं बदलली, झाडं बदलली, रांगा त्याच राहिल्या.

आणि फाटक सकाळ-संध्याकाळ गावासाठी उघडं, हीही त्याच घराची चाल. साखरवाले, गुडघेवाले, नुकतेच रिटायर झालेले, लग्न ठरलेल्या पोरी, सगळे कोठीला वळसा घालून, बकुळीखालून, संत्र्यातून फिरत. त्या फिरण्याला 'राऊंड' म्हणत. किती राऊंड झाले यावरून एकमेकांना चिडवत.

प्रणाली इथं पहिल्यांदा आली ती चार वर्षांपूर्वी, पयूला कडेवर घेऊन. माघाचे दिवस होते, संत्रा फुलला होता. हौदाच्या वळणावर तो वास नाकात गेला आणि तिचा पायच उचलेना. उभ्या उभ्या रडायला लागली. काठी टेकत एक उंच म्हातारा जवळ आला.

"कोन्या गावची वं तू, बाई?"

"तेल्हाऱ्याची."

"बाप संत्रावाला?"

"होता."

म्हाताऱ्यानं काठीनं वाट दाखवली. कोठीवर घेऊन गेला, बायकोला हाक मारली, आणि पार्वताबाईनं काही न विचारता खणानारळानं तिची ओटी भरली. "आजपासून हे आपली लेक," खुशालराव म्हणाले. बोलून थांबले नाहीत, पाळलंही. दिवाळीला साडीचोळी, आंब्याच्या दिवसांत जावयासकट रसाची पंगत, पयूला गोवर आला तेव्हा पार्वताबाई रिक्षा करून घरी. अमोलच्या घरात पुस्तकी बोलणारी प्रणाली कोठीचा ओटा चढली की तेल्हाऱ्याची होई. 'मले', 'तुले' जिभेवर आपोआप येई. खुशालरावांना ती बाबा म्हणे. सख्ख्या बापाला म्हणत होती तेच.

आज फाटकातच महेजबीन भेटली. तिच्याच वयाची, चारेक वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग उतरवायला येऊ लागलेली. नवरा अजहर फळांचा ठोक व्यापारी, सासरे अब्दुल गफ्फार बागा घेणारे. मोहोर पाहून अख्ख्या बागेचा सौदा करायचा, असा त्यांचा जन्म गेलेला.

"आज तेरी पाणीवाली बाई भी आई क्या," पयूच्या बाटलीकडे पाहत महेजबीन म्हणाली, आणि मग चालता चालता, आवाज खाली आणून, "सुन ना. अब्बा काल चांदूर बाजारवरून आले. बोले, उधर सब बागां में फूल लग गया. इथं काहून नाही अजून?"

"जुनी जमीन आहे. उशीर होतो."

"तुले माहीत बाप्पा. मैं तो तू बोली वोच घर में बोल देती हूँ."

 बकुळीखालून दोघी चालत राहिल्या, पयू पुढं पुढं.

गोष्ट दिवाळीच्या आसपास सुरू झाली होती. खुशालरावांचा मुलगा श्याम पुण्याहून आला आणि संत्र्याच्या जागी लग्नाचं लॉन करायचं म्हणतो, अशी कुणकुण फिरायला येणाऱ्यांत पसरली. एसटीत वाहतूक नियंत्रक होते ते उत्तमराव, ज्यांच्या आवाजाला अजून माइक लागत नाही, ते सगळ्यांना घेऊन कोठीवर गेले. खुशालराव ओट्यावरून उतरले, जवळच्या संत्र्याच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी जित्ता असेपर्यंत या बागेतल्या हिरव्या झाडाले कुऱ्हाड लागू देनार नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी प्रणाली त्यांच्या मागं ओट्यावर उभी होती. घरच्यासारखी.

मग मार्गशीर्षात संत्र्याचं पाणी बंद झालं. आळी खोदून मुळ्या उघड्या टाकलेल्या दिसल्या. पानं मऊ पडली, पिवळी झाली, गळायला लागली. फिरणारे घाबरले. उत्तमराव म्हणाले, "कृषी खात्यात भाचा आहे माझा, त्याला आणून दाखवतो."

आणि प्रणाली हौदाच्या कठड्यावर उभी राहिली होती. अख्ख्या आयुष्यात ती चार माणसांसमोर बोलली नव्हती, पण हे तिला माहीत होतं. हे तिच्या बापाचं काम होतं. "काका, याला ताण देणं म्हणतात," ती म्हणाली होती. "झाडाला तहान लागू द्यायची. मुळ्यांना ऊन दाखवायचं. झाड घाबरतं, पानं टाकतं. मग संक्रांतीच्या पुढं-मागं खत घालून पाणी सोडायचं, की आठ-पंधरा दिवसांत झाड नुसतं फुलांनी भरतं. त्याला अंबिया बहार म्हणतात. भाचा कशाला? मी तेल्हाऱ्याची आहे."

उत्तमराव हसले होते. "संत्र्याची पोरगी म्हणते म्हणजे झालं." भाचा आला नाही.

त्यानंतर झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम फासलं. मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर लेप, बुंध्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून वर्षातून लावतात तो. पयू म्हणे, झाडांनी निळे मोजे घातले. प्रणालीनं तेही सगळ्यांना दाखवलं. ज्याला झाड मारायचं आहे तो कशाला मलम लावेल, असं तीच म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

हौदाच्या वळणावर महेजबीन दुसऱ्या राऊंडला निघून गेली. प्रणाली पयूच्या मागं संत्र्यात शिरली.

खाली सुकलेल्या पानांचा थर होता. पायाखाली कुरकुर वाजत होता. ताण दिलेल्या झाडाची पानं गळतात हे खरं, पण सगळी गळत नाहीत; शेंड्याकडे हिरवं राहतंच. इथं शेंड्याकडंही नुसत्या काड्या होत्या. एक काडी मोडून पाहिली की कळतं. साल खरवडली की आत हिरवं दिसलं पाहिजे. हे तिला दुसरीत असल्यापासून माहीत होतं. आणि गेले कित्येक दिवस ती या रांगांतून हात स्वेटरच्या खिशात घालून चालत होती.

पयूनं तिचं झाड निवडलं. पाटाजवळचं, ठेंगणं. बाटलीचं झाकण उघडून तिनं सगळं पाणी आळ्यात ओतलं, वाकून पाहिलं, आणि काही झालं नाही म्हणून बुंध्याचा मोजा नखानं उकरायला लागली.

"नको गं, औषध असतं ते. हात निळे होतील."

"याच्या आत चिखल आहे."

"कशाच्या आत?"

"मोज्याच्या."

प्रणाली खाली बसली. जमिनीपासून वीतभर वर लेपाचा पापुद्रा निघाला होता. त्याखाली चिखल होता, भिंतीच्या भेगेत भरतात तसा दाबून भरलेला. तिनं काटकीनं तो उकरला. चिखल निघाला आणि मागं साल नव्हती. गोल गोल, बुंध्याभोवती पूर्ण, हाताच्या पंजाएवढा पट्टा सोललेला. आतलं लाकूड उघडं पडून तांबूस-काळं झालेलं. पट्ट्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या. कोणीतरी धारदार कोयत्यानं, घाई न करता, नीट काढलेली साल.

तिनं दुसऱ्या झाडाचं पाहिलं. मग तिसऱ्याचं. पुढच्या रांगेत गेली. प्रत्येक निळ्या मोज्याखाली चिखल, आणि चिखलाखाली तसंच.

झाडाचं अन्न सालीतून उतरतं. गोल साल काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. त्याला महिना-दोन महिने लागतात. तोवर लोकांना काही तरी सांगावं लागतं.

काडी तिनं तेव्हा मोडली. कट्कन मोडली. आत हिरवं नव्हतं.

"आई, तुझे पण हात निळे झाले," पयू म्हणाली.

कोठीच्या ओट्यावर खुशालराव आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. गळ्यात मफलर, बाजूला काळ्या चहाची कपबशी.

"या, पयाबाई. आज लवकर आली स्वारी." मग प्रणालीकडे पाहून, "बस वं."

ती बसली नाही. "बाबा, झाडाची साल कोणी काढली?"

पेपरची घडी झाली. घडीवर घडी झाली. "कोन्या झाडाची?"

"मी पाहिली ती सगळीच."

खुशालरावांनी दाराकडे पाहिलं. पार्वताबाई उंबऱ्यात येऊन थांबल्या होत्या. "चहा आन प्रणालीसाठी."

"मला चहा नको."

आपल्या तोंडून 'मला' आलं हे तिला ऐकू आलं. त्यांनाही आलं असावं. क्षणभर ते तिच्या निळ्या बोटांकडे पाहत राहिले.

"श्यामचं ठरेल होतं," ते म्हणाले. आवाजात चिडचिड नव्हती, थकवा होता, नेहमीचा गोडवाही होता. "पावसाच्या अगोदर काम सुरू करतो म्हनते तो. लॉन, वर तो काय म्हनते, डोम. आता माया हातात काय राह्यलं बाई. पोरं मोठे झाले की बापानं फक्त हो म्हनाचं असते."

"तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता. झाडावर हात ठेवून."

"काय शब्द देल्ला होता?"

"हिरव्या झाडाला कुऱ्हाड लागू देणार नाही म्हणून."

"मंग, लागली का?" लहान पोराला गणित समजावून द्यावं तसं त्यांनी विचारलं. "एक तरी हिरवं झाड पाडलं का मी? वायलेलं झाड पाडाले कोनाची हरकत नसते. उत्तमरावचीबी नसन. तो तं उलट म्हनन, पडन कोनाच्या डोक्यावर, काढा लवकर."

प्रणालीनं निळी बोटं त्यांच्यापुढं धरली. "मग मला ताण दिला म्हणून का सांगितलं?"

"मी?" भुवया वर गेल्या. "आठव बरं. मी एकदा तरी ताण हा शब्द काढला का तुयापाशी?"

तिनं आठवलं. मार्गशीर्षातली ती सकाळ. खोदलेली आळी पाहून तीच पळत ओट्यावर आली होती, शाळकरी पोरीसारखी. "बाबा, यंदा अंबिया धरता?" खुशालरावांनी आधी तिच्याकडे नीट पाहिलं होतं. मग म्हणाले होते, "तुले तं समजतेच." तेवढंच. नंतर जेव्हा जेव्हा तिनं कोणाला ताणाचं सांगितलं, ते जवळ असले तर मान हलवत. एकदा तर तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. खोटं त्यांनी एकही वाक्य म्हटलं नव्हतं. सगळं तिनंच म्हटलं होतं. स्वतःच्या मेलेल्या बापाचा दाखला देऊन.

"तुम्ही मला थांबवायचं होतं," ती म्हणाली.

"कशाले थांबवू? तू लोकाईले इतकं चांगलं समजावून देल्लं. मी हिले म्हतलं, पाय, श्यामले जे जमलं नाई ते पोरीनं केलं. बापाच्या मांगं उभी राह्यली. लेक अशी असते."

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. हेच तिला सोसेना.

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"नसन," खुशालराव म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा पाहू लागले. "मी तं समजो, तुले समजलंच असन. तेल्हाऱ्याची हाये म्हतलं. फुलाचं झाड अन् मराचं झाड संत्रावाल्याची पोरगी ओळखनार नाई का? ओळखलं अन् आपल्यासाठी चूप राह्यली, असं वाटलं मले."

हे खरं की खोटं, ते तिला ठरवता येईना. चेहऱ्यावरून तर काहीच कळत नव्हतं. खरंच तसं वाटलं असेल तर ते तिला दोन महिने आपल्यासारखी समजत होते. आणि वाटलं नसेल, तर आत्ता, चहाचा कप हातात असताना, त्यांनी सारं उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं होतं.

ती पार्वताबाईंकडे वळली. आईकडे वळावं तसं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

पार्वताबाई पयूचा स्वेटर सारखा करत होत्या. स्वेटर सारखाच होता. "मी म्हतलं होतं यायले," त्या हळूच म्हणाल्या. "म्हतलं, प्रणालीले सांगून टाका. आपलीच हाये ते. तं हे म्हने, सांगून काय करतं, पोरीचा जीव तुटन."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच ओट्यावर पार्वताबाईंनी पहिलं वाण प्रणालीला दिलं होतं. साऱ्या बायका गोल बसल्या होत्या. कोणीतरी झाडांचं विचारलं, आणि प्रणाली सांगायला लागली, तेव्हा पार्वताबाई खाली मान घालून पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. बराच वेळ लावत होत्या.

"आता इतकं मनाले लावून घेऊ नको," खुशालराव म्हणाले. "बकुळी राहनारच हायेत. कोठी राहनारच हाये. फिराले या नं तुमी, फाटकावर कोन अडवते तुले? लॉन झालं म्हंजे पयाबाईचा वाढदिवस पह्यला. काय वं पयाबाई?"

पयू आईकडे पाहत होती. पार्वताबाईंनी तिच्या मुठीत तिळाचा लाडू कोंबला होता.

प्रणाली पायऱ्या उतरली. नेहमी उतरताना वाकून नमस्कार करत असे. आज कंबर वाकायला निघाली, आणि तिची तिलाच लाज वाटून ती ताठ झाली.

फाटकापाशी, बकुळीच्या पारावर महेजबीन आणि उत्तमराव बसले होते. उत्तमराव बुटाच्या नाड्या सोडत होते. "चार राऊंड झाले आमचे," त्यांनी लांबूनच घोषणा केली. "अमरावतीहून सुटणारी प्रणाली आज अर्धा तास उशिरानं धावते आहे."

मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

तिनं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. पाणी तोडलं ते ताण द्यायला नव्हतं. बुंध्यांची साल काढली आहे, वर चिखल भरलाय, वर मलम लावलंय. एकही झाड आता वाचणार नाही. लॉन होणार.

उत्तमराव नाडी हातात धरून बसून राहिले. "साल काढली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान असू शकतो हे कोणाला माहीत नव्हतं. "कधी?"

"मलम लावलं त्याच्या आधी."

"म्हणजे भाचा येतो म्हणत होता, तेव्हा." त्यांनी हिशेब मांडला नाही, नुसतं समोर पाहत म्हटलं. "त्यानं खाली वाकून पाहिलं असतं. तेवढीच सवय आहे त्याला. कुठंही गेला की खाली वाकतो." जरा थांबून म्हणाले, "जाऊ द्या, ताई. तुमच्या शब्दावर थांबलो. तुमचा शब्द खोटा नव्हता, एवढं धरून चालतो."

धरून चालतो, असं ते म्हणाले. प्रणालीनं ते ऐकलं.

महेजबीन पारावर बसूनच होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "तुले मालूम होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"सच्ची?"

चार वर्षं रोज सकाळी एकमेकींचे सासू-नवरे-पोरं वाटून घेतलेल्या बाईनं हे विचारलं होतं. प्रणालीला राग यायला हवा होता. पण त्या हौदाच्या कठड्यावर उभी राहून बोलणारी बाई तिला स्वतःलाच आठवली, केवढ्या खात्रीनं बोलत होती, आणि राग कुठं टेकवावा ते कळेना.

"सच्ची," ती म्हणाली.

"ठीक है." महेजबीननं मान हलवली, पण उठून जवळ आली नाही. "घर में मैंने अब्बा को बोला था. ते म्हणत होते, झाड मर रहा वो. मीच भांडली. म्हटलं, प्रणाली बोली ना, बस." ती ओढणीकडे पाहत राहिली. "बहोत भांडली मी."

 फाटकातून दोन पोरी कानात इअरफोन घालून आत आल्या, हसत बकुळीखालून निघून गेल्या.

आणि मग काठीचा आवाज आला. खुशालराव त्यांच्या रोजच्या फेरीला निघाले होते, बकुळीच्या मधोमध, मफलर सारखा करत. वाटेत भेटेल त्याला राम राम करत होते. "काहो, आज एकटेच? मिसेस कुठी हायेत?" लोक हसून उत्तर देत होते. कोणाला अजून काही माहीत नव्हतं. ऊन बकुळीतून गळून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं आणि लांबून ते फार चांगले दिसत होते. बाप असावा तर असा, असे.

उत्तमरावांनी मान फिरवून घेतली. महेजबीन उभी राहिली आणि निघायची तयारी करू लागली. प्रणालीला वाटलं आपणही निघावं, आत्ताच, ते इथवर पोचायच्या आत. पण पाय उचलेना.

खुशालराव पाराशी आले. मोठ्यांकडे त्यांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. मग जरा वाकले आणि पयूच्या पुढं आपलं लांब, सुरकुतलेलं बोट धरलं.

"चाल, पयाबाई. एक राऊंड आजोबासंग."

पयूनं हात उचलला. अर्ध्यावर थांबवला. लाडवाची मूठ छातीशी धरून ती बोटाकडे पाहू लागली, मग वळून आईकडे. तिच्या कपाळावर तशीच आठी पडली होती, जशी एखादं चित्र रंगवताना कोणता रंग घ्यावा ते न कळल्यावर पडते.

"आई," तिनं विचारलं, कुजबुजून नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे अजून आपले आजोबा हायेत का?"